ज्याचा फोटो त्याला

२१ नोव्हेंबर २००५

नाही, तुम्ही आता मध्ये बोलू नका. 'दुसऱ्यांचे जुने फोटो गोळा करून तुला काय मिळणार आहे?' हा प्रश्न आज घरात ऐकून झालाय, तोच तुम्हीही विचारणार असाल तर वही खाली ठेवा. खाजगी आहे तशीही. तरी वाचताय, म्हणजे तुम्हाला काहीतरी हवंय. मलाही हवंय. फोटो.

आई म्हणाली, "काय करून राहिला रे निनाद तू? एम.ए. झालं. पोरं बँकेच्या परीक्षा देऊन राहिली आणि तू म्हाताऱ्यांच्या ट्रंका उघडत फिरतो."

बाबा अमरावतीहून विमा कंपनीच्या बदलीवर जयपूरला आले आणि इथेच रुतले. आई तीस वर्षं इथे राहून एक दिवसही अमरावतीच्या बाहेर पडलेली नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तर गणपतीत महाराष्ट्र मंडळात एक फोटो पाहिला, तिथपासून झोप उडालीय. काळापांढरा, तळहाताएवढा. विहिरीच्या रहाटाला दोन बायका लोंबकळतायत आणि तिसरी हसून हसून खाली बसलीय. खाली ना नाव, ना तारीख. ज्यांच्या खिशात होता ते नंदकिशोरकाका म्हणाले, "एकपंगत. आम्ही राहायचो तिथे."

सांगानेरच्या पुढे, टोंक रोडला, अशी वस्ती होती म्हणे. नाना नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्यामागे घरदार सोडून आलेली मराठी कुटुंबं. एक स्वयंपाकघर, एक विहीर, पहाटेची एक प्रार्थना, कपडेसुद्धा एकाच पेटीतले. नाना गेले, जमीन गेली, माणसं जयपूरभर पांगली. त्यालाही पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. तिथे राहणारे एक राजनकाका होते, त्यांच्याकडे आगफा कॅमेरा होता. देवाचे, नानांचे फोटो सगळेच काढतात. हा माणूस रोजचं काढायचा. पापडांच्या खाटा, अर्धं तोंड फेसात असलेली दाढी, चुलीला फुंकर.

माझी कादंबरी अशी असणार आहे: डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर मजकूर, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पुण्याचा अनिरुद्ध छापायला तयार आहे. तो म्हणतो, "संबंध नाही हे कळायला आधी फोटो तर आण."

२७ नोव्हेंबर

तिलक नगरला नंदकिशोरकाकांकडे गेलो. डोकं पिकलं.

"काका, यातले तुम्ही कुठले?"

"यात मी नाही. मी शास्त्रीनगरला आहे."

"म्हणजे?"

"माझा फोटो आनंदरावांकडे, शास्त्रीनगरला. दात घासतोय मी तिथे, कडुनिंबाच्या काडीने." आणि स्वतःशीच हसले.

नानांचा नियम होता म्हणे: स्वतःचं तोंड स्वतःच्या ट्रंकेत ठेवू नये. त्याने मीपणा वाढतो. वस्ती मोडली तेव्हा राजनकाकांनी सगळे फोटो वाटले, पण असे की कुणाच्याच वाट्याला स्वतःचा आला नाही. नवऱ्याचा बायकोकडे नाही, आईचा मुलाकडे नाही. कुणीतरी तिसराच.

मी म्हटलं, "मग स्कॅन करायला द्या ना."

"मी कसा देऊ? यात ज्या आहेत त्यांना विचार."

"त्या कुठे राहतात?"

"एक वारली. एक बरेलीला गेली. तिसरी विसरून गेलीय, पण तू विचार."

स्कूटर निघेपर्यंत आठ किका माराव्या लागल्या. स्कूटरचाही मीपणा वाढलाय.

४ डिसेंबर

आनंदराव. शास्त्रीनगरला एका सिंधी माणसाच्या घराच्या वरच्या मजल्याची खोली. रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त. एकटेच. लग्नाचं विचारलं तर म्हणाले, "पंगतीत राहून गेलं." पंगतीत वाढपी वाढता वाढता एखाद्याचं लोणचं विसरतो, त्याच सुरात.

उजव्या हाताची करंगळी वाकडी, पार काटकोनात. विहिरीच्या दोराने मोडली होती, तिथेच कुणीतरी काडी बांधून बसवली, ती तशीच राहिली. कप धरला की ती एकटीच बाहेर बघत असते.

बिस्किटांच्या डब्यात फोटो आहेत. नंदकिशोरकाका दात घासताना सापडले, हुबेहूब. एक फोटो मात्र डब्यात नाही, वेगळा, पांढऱ्या रुमालात. दाखवला पण हातात दिला नाही. बाई शेंगा सोलतेय, मटाराच्या. मांडीवर सूप, समोर हा एवढा ढीग, आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता कशालातरी हसतेय. मी आजवर पाहिलेला सगळ्यात जिवंत फोटो. हाच मुखपृष्ठावर हवा.

"या कोण?"

"कुसुमताई. मालवीय नगरला असतात, मुलाकडे."

"द्या ना मला दोन दिवस."

"त्यांचा आहे. त्यांना विचार."

"आहे तर तुमच्याकडे!"

"म्हणूनच तर," म्हणाले आणि रुमालाची घडी घालायला लागले. चारही कोपरे नीट जुळवले. मी त्या घडीकडे बघत बसलो होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

६ डिसेंबर

कुसुमताई. सत्तरीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा टूरवर, सून प्रणिता कोचिंग क्लासमध्ये शिकवते. मी फोटोचं विचारलं.

"मी कोण देणारी? ज्यांच्याकडे आहे त्यांना विचार."

"ते म्हणतात तुम्हाला विचार."

"मग विचारलंस. झालं."

"म्हणजे हो का नाही?"

"खोकला आहे का रे त्यांना अजून?"

"कुणाला?"

"आणि फोटो खिडकीशी नाही ना ठेवलेला? मी मागच्या वेळी सांगून आले होते, ऊन येतं तिथे. गॅस कुठे ठेवतात आता, आतच? चहा दिला का तुला? कशात?"

मी सांगितलं, कपात. त्यावरही समाधान नाही, कुठल्या कपात. ही माणसं सगळं विचारतात, उत्तर एकाचंही देत नाहीत. प्रणिता म्हणाली, "आई वर्षातून एकदा जातात ना तो फोटो बघायला. वसंत पंचमीला. दोन बस बदलून. मी म्हणते ऑटो करा, तर नाही. मतलब, एका फोटोसाठी!"

मीही तेच म्हणतोय. एका फोटोसाठी.

१९ डिसेंबर

काही नाही. थंडी. लिहिलेलं सगळं फाडलं. अनिरुद्धचा फोन, फेब्रुवारीअखेर द्यायचं असेल तर दे, नाहीतर तो एका डॉक्टरांच्या कवितांचं पुस्तक आधी घेतोय. डॉक्टरांच्या कविता! माझी कादंबरी कवितांच्या मागे रांगेत, कारण काही म्हातारे 'त्यांना विचार, त्यांना विचार' करत गोल फिरतायत.

८ जानेवारी २००६

जमलं. घाबरवलं सगळ्यांना. एका फोटोवर बुरशीचा ठिपका होता, तो घरोघर दाखवत फिरलो. म्हटलं, अजून दोन पावसाळे, मग कोरा कागद उरेल. मग मात्र एकेकाने डबे उघडले. स्कॅन करून परत आणतो, असा शब्द दिला.

आनंदरावांनी सगळ्यात शेवटी दिला. रुमालासकट.

"पंचमीच्या आत आण हं."

"आणतो ना. घाई काय आहे?"

"घाई नाही. पंचमीच्या आत."

आता हे वाक्य कुठल्या व्याकरणात बसतं ते नानाच जाणोत.

१४ जानेवारी

आज संक्रांत, सगळं शहर गच्चीवर. 'वो काटा' ऐकून ऐकून कान किटले. सायबर कॅफेवाला दुपारी शटर पाडून पतंग उडवायला गेला, मला आत कोंडून. बरंच झालं. सगळं स्कॅन झालं, सीडी तयार.

कुसुमताईंचा फोटो मोठा करून पाहिला. अडचण एकच आहे, उजव्या कडेला कुणाचा तरी हात आलाय. नुसता हात, सोललेले मटार पुढे करणारा, करंगळी वेडीवाकडी. राजनकाकांना फ्रेम सांभाळता आली नाही. मुखपृष्ठासाठी तो कापावा लागेल.

घरी येऊन सगळे फोटो पलंगावर मांडले. आणि काय मूर्खपणा आहे तो दिसला एकदम. एका माणसाचं आयुष्य चार घरांत विखुरलंय. नंदकिशोरकाका शास्त्रीनगरला दात घासतायत आणि तिलक नगरला म्हातारे होतायत. आमच्या आईच्या माहेरचा एक अल्बम आहे, त्यात सगळी जागच्या जागी असतात, मेलेलीसुद्धा. आणि इथे सव्वीस वर्षं एका पोस्टमास्तराच्या लहरीपायी माणसांना स्वतःचं तरुण तोंड बघायला मिळत नाही!

मी परत करीन म्हणालो होतो. कुणाला, ते बोललो नव्हतो.

आई दारात येऊन बघत उभी राहिली. "काय मांडून राहिला? पत्ते?"

म्हटलं, "वाटतोय. ज्याचा त्याला."

"हो का," म्हणाली. "मग खेळ संपला म्हणायचा."

तिला काय कळतंय!

२३ जानेवारी

वाटून झाले. चौड्या रास्त्याच्या बाजारातून चांगल्या फ्रेम करून घेतल्या, माझ्या खर्चाने. कुसुमताईंच्या फोटोला क्रीम रंगाचं माउंट, म्हणजे काचेआतली पुठ्ठ्याची चौकट, लावून घेतलं, त्यात तो कडेचा हात बरोब्बर झाकला गेला. फ्रेमवाला भैया म्हणाला, अब सही लग रहा है.

सगळे आनंदाने रडतील वगैरे अशी माझी अपेक्षा नव्हती. पण काहीतरी! नंदकिशोरकाकांनी स्वतःचा फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हा आता इथे राहणार?" मी म्हटलं, तुमचाच आहे. "हो, माझाच आहे," म्हणाले आणि टीव्हीवर ठेवला. मग टीव्हीकडे पाठ करून बसले.

कुसुमताईंनी फ्रेम मांडीवर घेतली. बोट काचेवरून फिरवत उजव्या कडेला नेलं, माउंटवर थांबल्या. "इथे संपतो का हा?"

"तेवढाच कामाचा आहे, ताई."

प्रणिताने मात्र टाळ्या वाजवल्या. "आई, किती गोड दिसत होता तुम्ही!" तिने लगेच खिळा ठोकून बैठकीत लावला, सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोसमोर. एकटी प्रणिता नॉर्मल आहे.

तिथून आनंदरावांकडे. त्यांना त्यांचा फोटो दिला, पंगतीत वाढतानाचा, तिलक नगरला एका बाईंकडे होता. तो त्यांनी पाहिलासुद्धा नाही. दाराकडे, माझ्या पिशवीकडे बघत होते.

"आणि तो?"

"तो कुसुमताईंना दिला. फ्रेम करून. ज्याचा त्याला, बरोबर ना?"

बराच वेळ गॅसवरच्या पातेल्यातलं पाणी उकळत राहिलं. मीच उठून गॅस बंद केला.

"बरं केलंस," म्हणाले.

बघा, एक तरी म्हणाला.

रुमाल माझ्याच खिशात राहिला, आत्ता धुवायला टाकताना सापडला.

२ फेब्रुवारी, वसंत पंचमी

एकपंगत आजच्या तिथीला सुरू झाली होती. म्हटलं आज या लोकांचं काहीतरी असणार, जुने लोक कसे भेटतात त्याचे आपणही फोटो काढू. आधी शास्त्रीनगर.

आनंदराव तयार होऊन बसलेले. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत, हनुवटीवर कापल्याचा कापूस. खोली झाडलेली. खुर्ची खिडकीपासून सरकवलेली. दोन ताटं, दोन वाट्या, केशरी भाताला वेलदोड्याचा वास. कपसुद्धा नेहमीचे टवके उडालेले नाहीत, नवे, निळ्या काठाचे. मला खरंच बरं वाटलं. कळवलं नव्हतं, तरी माणसाने माझ्यासाठी एवढं केलं.

"बसा ना, जेवू," मी म्हटलं.

"थांबू थोडं."

थांबलो. खाली बस थांबल्याचा आवाज आला की ते बोलता बोलता गप्प व्हायचे. बस गेली की विचारायचे, "काय म्हणत होतास?" मी कादंबरीबद्दल बोलत होतो. डावं पान, उजवं पान. कुणाला कळेल असं मी पहिल्यांदाच इतकं नीट समजावून सांगितलं, आणि हे बसचे आवाज ऐकतायत!

ऊन भिंतीवरून खाली आलं, भात वरून कोरडा पडला. शेवटी मीच म्हटलं, "आनंदराव, भूक लागलीय."

त्यांनी दुसरं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी जेवलो. भात उत्तम. त्यांनी हातही लावला नाही. वाकड्या करंगळीने शीत शीत बाजूला करत बसले होते.

निघताना म्हणाले, "त्या बऱ्या आहेत ना?"

"कोण?"

"काही नाही. जिना जपून उतर, पायरी तुटलीय."

ती पायरी मला पाठ आहे.

तिलक नगरला नंदकिशोरकाका एकटेच टीव्ही बघत होते. त्यांच्या डोक्यामागे त्यांचा स्वतःचा फोटो दात घासत होता. म्हणाले, "यंदा कुणी हललंच नाही रे. मीही नाही गेलो. जायचं कुठे? मी तर इथेच आहे." आणि हसले. पूर्वीचं हसू नव्हतं.

पंचमीला हे लोक एकमेकांच्या घरी जातात हे मला आधी माहीत असतं तर कॅमेरा घेऊन मागच्याच वर्षी आलो असतो. यंदाचं वर्षच फुकट गेलं.

९ फेब्रुवारी

अनिरुद्धला फोटो पाठवले होते, याहूवर एकेक करत. त्याचा फोन. "छान आहेत. पण सगळे आता सुटे सुटे वाटतात. कागदपत्रांवर लावतात तसे."

"अरे, मीच लावलेत नीट!"

"हो, ते दिसतंय," म्हणाला.

डॉक्टरांच्या कविता छापा म्हणावं.

आनंदरावांकडे गेलो तर झोपून. सिंधी मालकीण म्हणाली, चार दिवस झाले खाली दूध घ्यायला उतरले नाहीत, खोकतात रात्रभर. मी म्हटलं, डॉक्टर आणू? म्हणाले, "नको, थंडी गेली की जाईल." बिस्किटांचा डबा उघडा होता, रिकामा. तो तसाच उशाशी. मी सगळं नीट केलं, सगळ्यांना आपापलं दिलं, आणि मीच एखाद्याच्या घरातून काही उचलून नेल्यासारखं मला का वाटावं? रागाने जिना उतरलो आणि त्या तुटलेल्या पायरीवरच घसरलो.

१२ फेब्रुवारी

घोटा सुजलाय. तरी मालवीय नगर.

प्रणिता क्लासला गेलेली. कुसुमताई बैठकीत, फोटोखालीच बसलेल्या, शेंगा सोलत. तशाच मटाराच्या. वर तरुण, खाली म्हातारी. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर दोन पानं लिहिली असती.

मी सरळच विचारलं. "ताई, तुम्ही पंचमीला का नाही गेलात?"

"कुठे?"

"ताई, प्लीज. माझा पाय दुखतोय."

त्यांनी शेंग मोडली. "काय सांगून निघू रे? इतकी वर्षं सांगत होते, फोटो बघायला चालले. मुलगा हसायचा, सून हसायची, पण जा म्हणायचे. आता फोटो तर हा, भिंतीवर."

"मग नुसतं जा! सांगायचं काय त्यात? म्हणावं, आनंदरावांना भेटायला चालले."

"नुसतं?" त्या हसल्या. एकदम. त्या फोटोतल्यासारख्या, कशाकडेतरी बघून. मग पदर तोंडाला लावला. "नुसतं नाही जाता येत, बाळा."

हेच ते. यांना सगळ्याला नियम लागतो, निमित्त लागतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ते आजारी आहेत. खोकतायत. डबा रिकामा करून उशाशी घेऊन पडलेत. तुम्ही हा फोटो परत द्या त्यांना, संपलं."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खोकला पुन्हा वाढला?"

"हो. देताय ना?"

"आपल्या हाताने आपली छबी कुणाला देत नाहीत. नाना सांगायचे."

"नाना जाऊन सव्वीस वर्षं झाली, ताई!"

"हो ना," म्हणाल्या. उठल्या. सूप खाली ठेवलं. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे. "मी चहा टाकते. आलं किसून टाकते, वेळ लागेल. प्रणिता सहापर्यंत नाही यायची." स्वयंपाकघरात गेल्या आणि दार ओढून घेतलं. चहाला दार कशाला ओढायचं?

मी एकटा. समोर फोटो. सासरे हारातून बघतायत.

आता मी जे केलं त्याला चोरीच म्हणतात. फ्रेम उतरवली. मागचे खिळे उपसायला सुरी लागेल असं वाटलं होतं, पण ते आधीच निघालेले, नुसते टोचून ठेवलेले. माउंट गायब. मी एवढं निवडून लावलेलं क्रीम रंगाचं माउंट कुणीतरी काढून टाकलंय, आणि तो कडेचा हात पुन्हा उघडा पडलाय, काचेला त्याच जागी बोटांचे डाग. प्रणिताचं काम असणार, तिला कसलीच दृष्टी नाही. फोटो आनंदरावांच्या रुमालात गुंडाळला, धुतलेल्या. रिकामी फ्रेम भिंतीवर परत टांगली. टांगताना दोनदा आपटली. एवढा आवाज झाला तरी आतून 'काय पडलं रे' आलं नाही. गॅस पेटल्याचाही आवाज नव्हता, की आलं किसल्याचा. कान गेले असतील बिचारीचे.

दरवाजापाशी पोचलो तर आतून म्हणाल्या, "जाताना दार लोटून घे."

मी पळालो. सुजलेल्या पायाने.

शास्त्रीनगर येईपर्यंत एकच विचार. प्रणिता सहाला येणार, रिकामी फ्रेम बघणार, आणि मग कुसुमताईंना सगळं कळणार. बोभाटा होणार. मुलगा टूरवरून फोन करणार. त्या स्वतः येणार, दोन बस बदलून, या वयात, माझ्यामुळे. आनंदरावांना निदान सावध करायला हवं.

जिना चढलो, तुटकी पायरी ओलांडली. दार आनंदरावांनीच उघडलं. शाल, दाढी वाढलेली. मी रुमाल त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी घडी उघडलीच नाही, वाकड्या करंगळीने वरूनच फोटोची उजवी कड चाचपली.

"चोरून आणलाय," म्हटलं. "त्यांना आता कळलं असेल. त्या भांडायला येतील. दाढी करा आणि घरी थांबा."

आणि ते तोंड उघडायच्या आत मी खाली उतरलो.